मॅडम, तुम्ही अजून मेंबरच?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुम्ही पहिल्या नाही. कॉन्फरन्समध्ये माझी ओळख करून देणारी ज्युनियर मुलगी विचारते, औषध कंपनीचा प्रतिनिधी विचारतो, धाकट्या जावेनं तर भर पंगतीत विचारलं, "तुमच्या नावापुढे एमआरसीओजी, आणि त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या पुढे एफआरसीओजी. तुमचं एफ राहिलं का?" राहिलं म्हणजे जणू गणिताचा पेपर राहिलाय.

पेपर नाही हो. एम म्हणजे मेंबर, एफ म्हणजे त्याच्या वरची पायरी, फेलो; आणि पुढची अक्षरं लंडनच्या रॉयल कॉलेजची, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतीतज्ज्ञांच्या संस्थेची. तिथलं मेंबर व्हायला परीक्षा आहे, आणि ती माणसाला सोलून काढते. पहिल्या भागात मूलभूत शास्त्रं, दुसऱ्यात स्त्रीरोग आणि प्रसूतीचा लेखी फडशा. 2016 पासून प्रात्यक्षिकाचा तिसरा भाग वेगळा केलाय: 14 कामं, प्रत्येकाला 12 मिनिटं. फेलो व्हायला परीक्षाच नाही. मेंबर होऊन 12 वर्षं झाली की अर्ज करता येतो, मग तुमचं काम आणि ज्येष्ठता बघतात. काहींना मेंबर न होताही सन्मान म्हणून फेलो करतात. आणि एम काय, एफ काय, वर्गणी थकली की दोन्ही पाटीवरून उतरवायची.

त्यात 'फेलो' हा शब्द दर दारात वेगळा. अमेरिकेतल्या अशाच कॉलेजात अजून शिकत असलेला निवासी डॉक्टर 'ज्युनियर फेलो' असतो. आपल्याकडे सहा महिने दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शिकून आलं की तीही फेलोशिप. फॉग्सी, म्हणजे भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ, त्याची शैक्षणिक शाखा म्हणून 1984 साली इंडियन कॉलेज निघालं, त्याचे एम आणि एफ आणखी निराळे. पेशंटला यातलं काही कळत नाही. तिला 'मेंबर' म्हणजे क्लबाचं मेंबर वाटतं. एकीनं मला विचारलं होतं, तिथे पत्ते खेळता का?

इथवर मी नेहमी सांगते आणि चहा मागवते. पण तुम्ही पुढचं विचारलंत: बारा वर्षं तर केव्हाच झाली, मग अर्ज का नाही केलात?

आजवर दिलेली उत्तरं सांगते. वेळ नाही. वर्गणी वाढेल. मला अक्षरांची हौस नाही. हे तिसरं साफ खोटं आहे. एमआरसीओजी झाले त्या आठवड्यात मी पाटी रंगवायला टाकली होती, आणि टिंबं चुकली म्हणून परतही पाठवली होती.

खरं काय ते आमच्या संघटनेच्या एका वार्षिक सभेत अडकलंय. कुठली संघटना ते राहू द्या, त्यातली माणसं अजून एकमेकांकडे पेशंट पाठवतात. मी सहसचिव होते. त्या वर्षी कधी नव्हे ती निवडणूक लागली होती. दोन पॅनेल, आणि दारातल्या टेबलाशी मतपत्रिका वाटायचं काम माझ्याकडे. रांगेत बाई आल्या.

बाई एमबीबीएस. पुढचं शिक्षण झालं नाही. लेबर रूममध्ये मेडिकल ऑफिसर म्हणून तीस वर्षं काढली. मी रजिस्ट्रार, म्हणजे अजून शिकत असलेली निवासी डॉक्टर, असताना माझं पहिलं पायाळू बाळंतपण त्यांनी माझ्याकडून करवून घेतलं. शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. "खांद्याची पाती दिसेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. ओढलंस तर त्याचे हात वर जातील, मग बस काढत." माझी बोटं नुसती शिवशिवत होती. "आता लोंबू दे. मानेवरचे केस दिसू देत." मग पाय धरून हळूच वर उचलायला लावलं आणि डोकं आलं. बाळ रडल्यावर म्हणाल्या, "बघ, गप्प राहिलीस म्हणून जमलं."

तर त्या बाई. यादीत त्यांच्या नावासमोर 'सहयोगी' असं लिहिलं होतं. सहयोगी सभासदाला व्याख्यानं ऐकता येतात, अंक घरी येतो, मत मात्र नाही. इतकी वर्षं सगळ्या निवडी बिनविरोध व्हायच्या, सगळे टाळ्या वाजवायचे, बाईही वाजवायच्या. आपल्याला मत नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी हातातली मतपत्रिका सवयीनं देऊन बसले होते. मग यादी पाहिली आणि म्हणाले, "बाई, ती परत द्यावी लागेल. तुम्ही सहयोगी आहात."

हळू म्हणता आलं असतं. बाजूला नेऊन सांगता आलं असतं. मागे माझ्याच बॅचची चौघं उभी होती.

बाईंनी मतपत्रिका टेबलावर ठेवली, पंख्यानं उडू नये म्हणून तिच्यावर माझाच स्टेपलर ठेवला, आणि विचारलं, "जेवणाचं कूपनही परत करायचं का गं?"

मागचं कुणी तरी हसलं. मीही हसले.

आता एवढं सांगितलं तर हेही सांगते. बाई दुसऱ्या पॅनेलला मत देणार हे मला माहीत होतं. त्याचा काही संबंध नव्हता, नियम नियम होता, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. पण बाईंच्या पुढे जे दोघं मतपत्रिका घेऊन आत गेले, त्यांच्या नावासमोरचा रकाना मी वाचला होता का, ते मला आठवत नाही. आमचं पॅनेल चांगल्या फरकानं आलं. बाईंच्या एका मतानं काही हललं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग पायऱ्याच नकोत. नाही, तसं मी म्हणणार नाही. 1929 साली ब्लेअर-बेल आणि फ्लेचर शॉ या दोन डॉक्टरांनी ते लंडनचं कॉलेज काढलं, तेव्हा जुन्या सर्जन आणि फिजिशियन मंडळींच्या कॉलेजांचा विरोध होता. बाळंतपण हा आपल्या कामातला एक कोपरा, त्याला वेगळं घर कशाला, असा सूर. वेगळी परीक्षा आणि वेगळी अक्षरं यांच्या जोरावरच हा विषय स्वतःच्या पायांवर उभा राहिला. कुणी काय शिकलंय हे पेशंटला कळायलाच हवं. उद्या सहयोगींना मत द्यायचा ठराव आला तर मी बहुधा विरोधात हात वर करीन. मात्र बायकांच्या आजारांच्या त्या कॉलेजात अध्यक्षपदी एक स्त्री यायला 1949 उजाडलं, हिल्डा लॉइड, हेही मला त्याच वेळी आठवेल. तोवर ज्या कुणाला दारातच थांबवलं असेल, ते सगळं नियमानंच झालं असणार.

मग फेलोशिपशी याचा काय संबंध? तेव्हाची मी मला हेच विचारते, अगदी तावातावानं. तुझी परीक्षा तू दिलीस, बाईंनी दिली नाही, अर्ज भर आणि मोकळी हो. दोनदा अर्ज उघडला. आपल्या विषयासाठी, सहकाऱ्यांसाठी काय केलंत ते लिहायचं ठरवून बसले. 'सहसचिव' असं लिहिलं आणि पुढे सरकताच येईना. हा पश्चात्ताप आहे की आळसाला मिळालेलं भारदस्त कारण, मला सांगता यायचं नाही. नवरा म्हणतो, आळस.

बाई त्यानंतर सभेला आल्या नाहीत. माझ्याकडे पेशंट मात्र पाठवत राहिल्या. चिठ्ठीवर माझं नाव, पुढे एम.डी., मग एम.आर.सी.ओ.जी., सगळी टिंबं जागच्या जागी. खाली स्वतःच्या सहीखाली फक्त नोंदणी क्रमांक. परवाही एक आली: पहिलटकरीण, 36 आठवडे, पायाळू, बाळ बाहेरून फिरवता येतंय का बघावं.