अंतराचं इंजेक्शन आणि उसाचा हंगाम

कारखान्यांची धुराडी पेटली की वाळवा तालुक्यात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. या बायकांना अंतरा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून टोचायचं इंजेक्शन, देताना औषधापेक्षा तारखेनंच मला जास्त अडवलंय. डोस दर तीन महिन्यांनी, आणि बाई हंगाम संपला की गावी.

कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, संध्याकाळीच जाते. दवाखान्यासाठी दिवस मोडला तर खाडा पडतो. पहिला डोस डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही, म्हणून त्यांनाही तिकडेच नेते. बीपी १६०/१०० च्या खाली हवं, कारण न कळता अंगावरून रक्त जात नसावं, अंगावर पाजणारी असेल तर बाळंतपणाला सहा आठवडे झालेले हवेत. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत टोचलं तर लगेच लागू पडतं. नंतर दिलं तर आधी लघवी तपासायची आणि पुढे सात दिवस निरोध. वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा नकोच. शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

कुपीत १५० मिलिग्रॅम औषध असतं, ते तळाशी बसतं. दुधासारखं एकसारखं होईपर्यंत हलवायचं, नाहीतर डोस कमी जातो. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. नाहीतर औषध लवकर उतरतं आणि तीन महिने पुरत नाही. मोळ्या वाहून दंड भरून आलेले, रात्री तेल लावून चोळायची सवय. म्हणून मी दंडाऐवजी कमरेत देते.

मग पाळी बिघडते. आधी थेंब थेंब जातं, पुढे बंदच होते. "घाण आत साठते" म्हणून बाई घाबरते आणि कुणीतरी गर्भपिशवी काढायला सुचवतं. पिशव्या काढण्याच्या याच प्रश्नावर २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. आतलं अस्तर पातळ राहतं, बाहेर पडायला काही तयारच होत नाही, हे मी नवऱ्यासमोर नाही, तिला एकटीला गाठून सांगते.

आता तारीख. डोस दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरा चालतो. २० नोव्हेंबरला पहिला दिला, तर दुसरा ६ फेब्रुवारी ते २० मार्चमध्ये, टोळी हलायच्या आत इथेच. तो २० फेब्रुवारीला दिला, तर तिसरा २० मेला, तिच्या गावी. कार्डावर तारीख लिहिते, पण तोंडी सांगते, "मिरग निघायच्या आत." आणि ती हो म्हणाली तर तिच्या गावच्या आशाताईंना तिच्यासमोरच फोन लावते.