हाँगकाँगची फेरी आणि मिठाईवाला

आज दिवसभर हाँगकाँग पायाखाली घातलं, पाय मोडून आलेत पण झोप येत नाहीये. सकाळी हॉलिवूड रोडवरचं मान मो मंदिर बघितलं, विद्येचा देव आणि युद्धाचा देव एकाच गाभाऱ्यात, वर छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली, धुराने डोळे चुरचुरत होते तरी निघवेना. मग १९०४ पासून चालणारी, आता डबल डेकर असलेली ट्राम, मागून चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे.

पण खरं मन अडकलं ते बंदराच्या या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या स्टार फेरीत. हिरव्या-पांढऱ्या बोटी, लाकडी बाकं, त्यांची पाठ उलटी फिरवली की तोंड दुसऱ्या बाजूला. आणि ही सेवा १८८८ मध्ये कंपनी म्हणून उभी केली कोणी, तर दोराबजी नवरोजी मिठाईवाला, मुंबईचे पारशी!! हे कळल्यावर मी परत तिकीट काढलं आणि उगाचच पुन्हा पलीकडे गेले. आठ वाजता बंदरावर लाइट शो सुरू झाला, सगळे मोबाईल वर करून उभे, मी मात्र त्या बोटीच बघत बसले, भाऊच्या धक्क्यावरून बाबांचा हात धरून रेवसच्या लाँचमध्ये चढायचे ना, ते आठवत होतं सारखं.