काट्यावरचा पीसी आणि न जोडलेली वायर

गळीत हंगामात वजनकाट्यावरचा पीसी बंद पडला की गेटबाहेर ऊसगाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, आणि तो तोटा शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणून काट्यावरून फोन आला की मी काम उद्यावर ढकलत नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. कोल्हापूरकडचा कारखाना. सकाळभर पीसी ठणठणीत, दुपारी दोननंतर मात्र एकदम बंद. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की पुन्हा सुरू. माझ्याआधी कुणी रॅम बदलली होती, कुणी विंडोज नव्यानं टाकलं होतं, यूपीएसही नवा आणला होता. मी अर्थिंग तपासलं, ते ठीक होतं. थंड झाल्यावर चालतो म्हणजे कुठेतरी काहीतरी तापतंय, पण प्रोसेसर 60 अंशांच्या आत होता. उरला एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा. तो कॅबिनेटच्या तळाशी, फॅन खाली तोंड करून. फिरतोय की नाही हे दिसायची सोय नाही.

झाकण काढलं तर आत बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, बारीक भुकटी. एसएमपीएसच्या वायरींच्या जुडग्यात झिप-टायनं बांधून ठेवलेला एक तीन पिनांचा कनेक्टर सापडला. त्यात तारा दोनच. मधली, 12 व्होल्टची जागा रिकामी. ही वायर फॅनला वीज देत नाही, त्याचा वेग तेवढा कळवते. एका फेऱ्याला दोन पल्स, म्हणजे सेकंदाला 40 पल्स आले की मिनिटाला 1200 फेरे. मदरबोर्ड फक्त मोजतो. वेग कमी-जास्त करणं एसएमपीएसच्याच सर्किटकडे राहतं. मदरबोर्डवरची सीपीयू फॅनची जागा प्रोसेसरच्या कूलरची, म्हणून ही वायर सिस्टिम फॅनच्या मोकळ्या पिनांवर बसवली आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग सुरू केला.

सुरुवातीला 1100च्या आसपास. ऊन चढलं, आतलं तापमान वाढलं; आता फॅननं जोर धरायला हवा होता. आकडा उतरू लागला. 900, 740, 500. शेजारी बसलेले काटा क्लार्क म्हणाले, "साहेब, हे उलटंच चाललंय की!" मग 0. काही एसएमपीएसमध्ये लोड कमी असताना फॅन मुद्दाम थांबतो, तिथे 0 म्हणजे बिघाड नव्हे. हा तसला नव्हता. काही मिनिटांत स्क्रीन काळी झाली.

प्लग काढून, एसएमपीएस सोडवून, जाळीतून लाकडी काडीनं पातं ढकललं. हललं आणि तिथेच अडकलं. बेअरिंगमधलं ग्रीस भुकटीनं घट्ट झालेलं. गाडीतला जादा एसएमपीएस लावून काटा लगेच सुरू केला.

त्याला मात्र ही वायर नाही. बहुतेक कंपन्या ती देतच नाहीत, आणि याचा मला खरंच राग येतो. दोन तारांचा खर्च तो काय! पुढच्या आठवड्यात वायरवाला एसएमपीएस मागवून बसवला, 600च्या खाली गेल्यास अलार्म लावला आणि कोणता आकडा बघायचा ते दोन्ही पाळ्यांच्या क्लार्कना दाखवून दिलं.