फ्रेगेंचं उत्तर

आज दिवसभर विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाचा, म्हणजे तर्क आणि भाषेच्या काटेकोर विश्लेषणावर भर देणाऱ्या शाखेचा, इतिहास वाचत होते आणि १९०२ सालच्या दोन पत्रांपाशी अडकले ते अडकलेच.

अंकगणित निव्वळ तर्कशास्त्रातून उभं करायचं, यासाठी जर्मनीतल्या येनाचे गणितज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी वीसेक वर्षं घातली होती. त्यावरच्या त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. तेवढ्यात तीस वर्षांच्या बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं १६ जूनचं पत्र आलं. त्यात एक साधा प्रश्न होता. जे संच स्वतःचे सदस्य नसतात, अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा सदस्य असेल का? हो म्हणावं तर नाही ठरतं, नाही म्हणावं तर हो! फ्रेगेंच्या नियमांनुसार असा संच करता येत होता, म्हणून त्यांच्या रचनेचा पायाच खचला.

फ्रेगेंनी २२ जूनला उत्तर लिहिलं. हादरलोय हे कबूल केलं आणि या शोधामुळे तर्कशास्त्र पुढे जाईल, असंही लिहिलं. ग्रंथाला पुरवणी जोडून ती अडचण स्वतःच छापली. मला या वागण्यासमोर त्यांचे सगळे सिद्धान्त दुय्यम वाटतात. एवढा मोठेपणा कुठून येतो?

पुढे १९११ मध्ये तरुण विटगेनश्टाइन (पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला) भेटायला आला, तेव्हा त्याला रसेलकडे शिकायला जा असं सांगणारेही फ्रेगेच.