वाटीत काय घालू?

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखात दाखवलेला असतो. सोलापुरात त्या दोन महिन्यांत जे काही येतं, त्याला वसंत म्हणायला मोठं मन लागतं. पुण्याची मावसबहीण मार्च लागला की गुलाबी फुलांनी लगडलेल्या रस्त्यांचे फोटो पाठवते आणि खाली विचारते, ‘तुमच्याकडे काय फुललंय?’ मी गच्चीवर जाऊन बघते. पारा चाळिशीकडे निघालेला, टाकी तापलेली, आणि भिंतीपलीकडच्या कडुलिंबाला काहीतरी पांढुरकं लागलेलं. त्याचा फोटो काढला तर झाडावर धूळ बसलीय असंच वाटतं. मग मी तिला नुसता अंगठा पाठवते.

या लिंबाशी माझं जुनं भांडण आहे. झाड उभं आहे बोळाच्या कडेला, कुणाचंच नाही. पण त्याची एक जाड फांदी बरोबर आमच्या गच्चीवर आलीय. माघ-फाल्गुनात तो पानं गाळतो ते थेट आमच्या पन्हाळीत. एका वर्षी अवकाळी पाऊस आला, पन्हाळ तुंबली आणि जिन्यातून पाणी थेट स्वयंपाकघरात उतरलं. त्या दिवशी मी फांदी तोडायचीच असं ठरवलं आणि मोठ्या आवाजात तसं जाहीरही केलं. पलीकडच्या गच्चीवर अक्का पापड वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तोड की. पण पाडवा होऊ दे.”

पाडवा झाला. मग ऊन इतकं वाढलं की त्या फांदीच्या सावलीतच आमच्या कुरडया झाकून ठेवायची वेळ आली. नंतर पाऊस, गणपती, दिवाळी. फांदी अजून तिथंच आहे आणि दर वर्षी अक्का विचारतात, “तोडणार होतीस ना गं?”

अक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या. त्यांचे आजे-सासरे तेलंगणातून मागावर काम करायला इथं आले ते इथलेच झाले. यजमानांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, अक्कांचं विड्या वळण्यात. हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असत. पत्र्याच्या मापावर तेंदूपान कातरायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा. एवढं सगळं, आणि नजर मात्र बोळात कोण आलं-गेलं त्याच्यावर. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून काम सोडलंय. बोटांना मात्र ते कुणी सांगितलेलं नाही. ती सारखी काहीतरी चिमटत, मुडपत असतात. पदराचं टोक, बसचं तिकीट, काहीही.

लिंब फुलतो हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. कळलं ते नळामुळे. आमच्या भागात पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा घड्याळ बघून येत नाही. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाइपातून येताना तेही दमत असेल. एकदा पहाटे तीनला आलं. नळ आधी खोकतो, दोन-चार शिंका देतो, मग गढूळ आणि मग नितळ. आख्ख्या बोळात दिवे लागले, मोटारी घुमायला लागल्या. मी टाकीवर नजर ठेवायला म्हणून गच्चीवर जाऊन उभी राहिले, अर्धवट झोपेत, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत. आणि वास आला. मधासारखा, पण गोडाच्या मागे जरासा कडसरपणा असलेला. आधी वाटलं कुणीतरी उदबत्ती लावलीय. अंधारात नाकानं शोधत गेले तर त्या फांदीपाशी पोचले.

दिवसा त्या फुलाला काही वास येत नाही, म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या धुळीपुढे तो टिकत नाही. रात्री मात्र झाड दुकान उघडतं. दुसऱ्या दिवशी एक फूल तळहातावर घेऊन बघितलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. पाच पाकळ्या, मागे वळलेल्या, आणि मधे एक इवलीशी फिकट नळी उभी. इतकं नीटनेटकं काम, आणि तेही लाखांनी, कुणी मान वर करून बघणार नाही हे ठाऊक असताना! फुंकर मारली तर उडून गेलं.

पाडव्याच्या आदल्या रात्री अक्कांसाठी फुलं गोळा करायचं काम आता माझ्याकडे आहे. फांदी माझ्या गच्चीवर, म्हणून. फांदीखाली एक जुनी चादर पसरून ठेवायची. सोलापुरी चादर, मोराची. या चादरींना २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा शहराला केवढा अभिमान वाटला होता. आमच्या घरातल्या या मानकऱ्याची वाटचाल म्हणजे आधी पाहुण्यांची चादर, मग आमची, मग इस्त्रीच्या टेबलावर आणि आता लिंबाखाली. पंचवीस वर्षं धुऊनही मोर जागेवरच आहे. रंग तेवढा ओळखायला लागतो.

सकाळी चादर चारी टोकांनी उचलली की मधोमध फुलांचा ढीग येतो. त्यात देठ, सुकी पानं, मुंग्या आणि कावळ्यानं टाकलेलं काहीतरी. अक्का सूप घेऊन बसतात. दोनदा पाखडलं की पानं पुढे, फुलं मागे. मग ती बोटं सुरू होतात. देठ बाजूला, फूल बाजूला, देठ, फूल. मी शेजारी बसून मदत म्हणून जे करते त्याला अक्का ‘खेळ’ म्हणतात. त्यांची वाटी भरते तेव्हा माझा तळही झाकलेला नसतो.

एकाच झाडाची फुलं, आणि बोळात जातात तीन घरी. अक्कांकडे उगादीची पच्चडी. नवीन चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट आणि हा फुलोरा, सहाही चवी एका भांड्यात. कोपऱ्यावरच्या कानडी घरात बेवु-बेल्ला, म्हणजे लिंब आणि गूळ, सरळ हिशेब. आमच्याकडे कोवळी पानं, फुलं, भिजवलेली डाळ, जिरं, हिंग, गूळ वाटून केलेली गोळी. ती माझी मुलं नाक दाबून गिळतात आणि लगेच गुढीच्या गाठीकडे हात नेतात. पच्चडी मात्र मागून खातात. माझ्या गोळीबद्दल यातून जे कळायचं ते मला कळलंय.

पच्चडी येते स्टीलच्या वाटीतून, भिंतीवरून. आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण वाटी रिकामी जात नाही. एकदा, नवीन होते तेव्हा, मी अक्कांना वाटी परत देताना चांगलं शुद्ध ‘आभारी आहे हं’ म्हटलं होतं. अक्का क्षणभर बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “काय चुकलं का आमचं?” आमच्याकडे आभार मानतात ते कार्यक्रमाच्या शेवटी, माइकवरून, लोक चपला शोधत असताना. शेजारणीला आभार म्हटले की तिला वाटतं हिशेब मिटवायला आली.

हिशेब तर कधीच मिटणार नाही, कारण वाट्याच मिसळून गेल्यात. पूर्वी भांड्यावर नाव घालून घेत. आमच्या वाट्यांवर सासूबाईंचं नाव आणि १९७४ हे साल टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे, त्यांच्या लग्नाचं. अक्कांच्या वाट्यांवर तेलुगू अक्षरं, गोल गोल, जिलेब्या ठेवल्यासारखी. परवा मांडणी घासायला काढली तर सहा वाट्यांतल्या चार जिलेबीवाल्या निघाल्या. म्हणजे सासूबाई सध्या बहुतेक भिंतीपलीकडे नांदतायत. त्यांना आवडलं असतं. पलीकडे सार फार चांगलं होतं असं त्या नेहमी म्हणायच्या, आणि ते मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

यंदाच्या पाडव्याला पच्चडीची वाटी आली आणि चार दिवस माझ्याकडेच राहिली. ऑफिसात मार्चअखेर, घरी यायला आठ वाजायचे. रोज रात्री ओट्यावरची ती वाटी बघून वाटायचं, उद्या. श्रीखंड संपून गेलं. विकतचं काही घालायला हात धजेना. पाचव्या दिवशी पहाटे नळ खोकला. टाकी भरेपर्यंत झोप तर येणार नव्हतीच, म्हणून शेंगदाणे भाजले. लसूण, तिखट, जिरं, मीठ. उखळ काढलं, कारण शेंगा चटणी मिक्सरमध्ये केली तर अक्का वासावरून ओळखतात. कुटताना दाण्याला तेल सुटलं आणि चटणीचा गोळा व्हायला लागला तसा वरून, गच्चीच्या उघड्या दारातून, लिंबाचा वास खाली आला. दोन्ही वास काही एकमेकांत मिसळले नाहीत. एक नाकात होता, एक जिन्यात.

उजाडायच्या आत वर गेले. कोकीळ त्या फांदीवर बसून घसा फाडत होता. अक्का पलीकडे बादल्या भरत होत्या. मी भिंतीवरून वाटी पुढे केली. त्यांनी ओला हात पदराला पुसला, वाटी घेतली, बोटानं चटणी चाखली आणि थोडा वेळ विचार केला.

“लसूण कमी पडलाय,” अक्का म्हणाल्या, आणि आणखी एक बोट घातलं.