वानखेडेवरची हुर्यो आणि आमचा डेस्क

1 एप्रिल 2024, सोमवार. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचा त्या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर राजस्थान रॉयल्स. मी एका मराठी बातम्यांच्या वेबसाइटवर क्रीडा डेस्कला आहे. सामन्याच्या रात्री लाइव्ह बातम्यांबरोबर वाचकांच्या कमेंट्सही माझ्याकडेच असतात. त्या रात्री जे वाचलं ते आजही डोक्यातून जात नाही.

संताप डिसेंबरपासूनच साचत होता. 15 डिसेंबर 2023ला मुंबईने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केलं. रोहितने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी पाच विजेतेपदं मिळवून दिलेली. हार्दिकही मूळचा मुंबईच्याच तालमीतला. मधली दोन वर्षं गुजरातचा कर्णधार होता, 2022ला पहिल्याच फटक्यात त्याने त्यांना जिंकवलं. बदलाचा निर्णय फ्रँचायझीचा होता. पण फ्रँचायझीला शिव्या देऊन कुणाचं समाधान होत नाही. मालक मैदानात उतरत नाही, हार्दिकला मात्र नाणेफेकीला यावंच लागतं.

त्यात 24 मार्चची अहमदाबादची, गुजरातविरुद्धच्या सामन्यातली क्लिप. डावाच्या शेवटी हार्दिक हात करून रोहितला सीमारेषेकडे जायला सांगतो, रोहित एकदा वळून बघतो आणि पळत जातो. एवढंच. पण तो तुकडा संथ करून, खाली रडवं संगीत घालून घरोघरी पोहोचला आणि ‘पांड्या माजला’ यावर शिक्कामोर्तब झालं.

आणखी एक बातमी त्या दिवशी आमच्या डेस्कवर होती, ती मला आधी सांगायला हवी. कोल्हापूरजवळच्या एका गावात हैदराबाद-मुंबई सामना बघताना रोहित बाद झाला आणि एक वयस्कर गृहस्थ ‘आता मुंबई कशी जिंकणार?’ अशा अर्थाचं काही बोलून गेले. तेवढ्यावरून दोघांनी त्यांना मारहाण केली, आणि पुढे दवाखान्यात त्यांचा मृत्यू झाला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. एका पडद्यावर ती बातमी आणि दुसऱ्या पडद्यावर ‘पांड्याला वानखेडेवर येऊ तर दे’ अशा कमेंट्स, असं बघत मी शिफ्ट सुरू केली.

सातला नाणेफेक. समालोचक संजय मांजरेकरांनी हार्दिकचं नाव घेऊन टाळ्या मागितल्या आणि स्टेडियमने हुर्यो उडवली. मांजरेकरांनी माइकवरूनच ‘बिहेव’ म्हणून बजावलं. मांजरेकर स्वतः मुंबईचे, हे मैदान त्यांचं घर. त्यांचंही कुणी ऐकलं नाही. पुढच्या काही मिनिटांत आमच्या पानावर त्यांच्याही नावाने शिमगा सुरू झाला.

खेळाबद्दल फार लिहीत नाही. ट्रेंट बोल्टने रोहित, नमन धीर आणि ब्रेव्हिस या तिघांना भोपळाही फोडू दिला नाही, 20 धावांत चार गडी गेले. हार्दिकने 34 केल्या, मुंबईच्या 125 झाल्या आणि राजस्थानने सोळाव्या षटकातच सामना संपवला. पण कमेंट्स वाचून वाटावं की चार गडी हार्दिकच्या स्वभावामुळे गेले. त्याच्या हातातलं घड्याळ, त्याचं हसणं, त्याचं लग्न, सगळं पुराव्यादाखल हजर. बोल्टची गोलंदाजी कुणाच्याच खिजगणतीत नव्हती.

मी कमेंट्स उडवत होते. टीका ठेवायची, शिवीगाळ काढायची, घरच्यांवर आलेलं तर थेट काढायचं, हा माझा नियम. साडेनऊच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. सांगलीकडचे एक काका होते, आवाजावरून साठीचे असावेत.

“ताई, माझी कमेंट का काढली?”

“काका, तुम्ही त्याच्या लहान मुलाबद्दल लिहिलं होतंत.”

“मग? बापच तसला. गर्विष्ठ.”

“कशावरून म्हणता?”

“अहो, दिसतंय की! रोहितला बाउंड्रीवर पिटाळलं त्यानं.”

मी त्यांना म्हटलं, शेवटच्या षटकांत फटके तिकडेच जातात, तिथे कुणालातरी उभं राहावंच लागतं. आणि ते दोघं काय बोलले ते तुम्ही ऐकलंत का? काका थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, “ऐकू कुठनं येणार? वर गाणं लावलेलं होतं.” आणि लगेच, “तुमचं असंल बरोबर. पण आमच्या रोहितला काढायला नको होतं, ताई. दहा वर्षं बघतोय आम्ही त्याला.” हे म्हणताना त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

ते दुःख खरं होतं, आणि म्हणूनच मला काकांचा राग येईना. नाराजी सांगायला त्यांच्यापाशी जागा नव्हती, म्हणून ती कुणाच्यातरी चारित्र्यावर जाऊन बसली. पण त्याची किंमत तीन-चार वर्षांच्या पोराने का मोजायची? ती कमेंट मी परत लावली नाही.

थोड्या वेळाने राजस्थानच्या डावात सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या रोहितने हात करून प्रेक्षकांना हुर्यो थांबवायला सांगितलं. क्लिप काही क्षणांत डेस्कवर आली. शिफ्ट इन्चार्जने हेडिंग सुचवलं, ‘रोहितच्या मनाचा मोठेपणा!’ मी लिहिलं होतं, ‘हुर्यो थांबवा, रोहितची प्रेक्षकांना खूण’.

“अगं, हे कोण वाचणार?” ते म्हणाले.

मी म्हटलं, “दिसलं तेवढंच लिहिलंय. मन कुणाला दिसलं?”

रोहितच्या कौतुकालाही मी आडवी जातेय, याचं त्यांना नवल वाटलं. पण काही सेकंदांच्या तुकड्यावरून एकाला उमदा ठरवायचा हक्क आपण घेतला, की तेवढ्याच तुकड्यावरून दुसऱ्याला उर्मट ठरवायचा हक्क वाचकाला कसा नाकारायचा? अर्धा तास माझं हेडिंग राहिलं, मग त्यांनी बदललं.

या कामात मी ऑक्टोबर 2021ला पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीच्या धर्मावर उठलेलं रान पाहिलंय. सप्टेंबर 2022ला दुबईत एक झेल सुटला म्हणून अर्शदीप सिंगला खलिस्तानी म्हणणारेही पाहिलेत. तो द्वेष आधीच तयार असतो, झेल नुसतं निमित्त. हार्दिकचं प्रकरण वेगळं वाटलं, कारण इथे शिव्या देणारे आपल्याच संघावर जीव टाकणारे लोक होते.

29 जूनला ब्रिजटाउनमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. हार्दिकने क्लासेनला बाद करून सामना फिरवला, शेवटच्या षटकात 16 धावा वाचवायच्या होत्या आणि पहिल्याच चेंडूवर मिलरचा तो झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतला. भारत 7 धावांनी जिंकला, हार्दिक मैदानातच रडला. 4 जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली आणि त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर झाला. आमच्या पानावर तो आता ‘देवमाणूस’ होता, ‘कर्ण’ होता. नावं ओळखीची होती; एप्रिलमध्ये ज्यांच्या कमेंट्स मी उडवल्या, त्यांतलेच कितीतरी.

मलाही त्या रात्री आनंद झाला, भारत जिंकला होता. पण ‘देवमाणूस’ वाचून बरं वाटलं नाही. एप्रिलमध्ये कुणी त्याला ओळखत नव्हतं आणि जुलैमध्येही कुणी ओळखत नव्हतं.

18 जुलैला हार्दिक आणि त्याची बायको नताशाने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. दोघांनी मिळून ठरवलंय असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत आमच्या बातमीखाली तिच्याबद्दल जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता हार्दिक आपला होता, म्हणजे चूक तिचीच असणार. मी पुन्हा एकेक कमेंट काढत बसले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी विषय लावून धरला. खेळाडूच्या बायकोचं, मुलाचं, आईवडिलांचं नाव असलेली कमेंट आता आमच्याकडे कुणीतरी वाचून मंजूर केल्याशिवाय पानावर दिसत नाही. हेडिंगवरून मात्र इन्चार्जचं आणि माझं अजूनही वाजतं.