चाळीस वर्षे जुनी बाटली आणि तिचा पाऊण तास

बोर्दो शहरातल्या एका रेस्तराँमध्ये मी वाइनची खरेदी, तळघरातली साठवण आणि टेबलावरची सेवा सांभाळतो. गेल्या शरद ऋतूत एका निवृत्त डॉक्टरांनी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी टेबल राखून ठेवले. जेवणाबरोबर १९८५ सालची, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या वर्षाची, बोर्दोजवळच्या मेदोक भागातली लाल वाइन हवी, एवढीच त्यांची अट होती. आमच्या तळघरात त्या सालचे काही शिल्लक नव्हते, पण हाताशी काही आठवडे होते आणि माझ्या मनात शातो लिंच-बाज होती.

मेदोकमधल्या पोइयाक गावची ही शातो, म्हणजे स्वतःची वाइन करणारा द्राक्षमळा, १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत पाचव्या, म्हणजे सर्वांत खालच्या, श्रेणीत आहे. त्या श्रेणीवरून तिची योग्यता ठरवू नये, असे तिची वाइन चाखणारे बहुतेक जण सांगतात. १९८५ च्या जानेवारीत बोर्दोत कडाक्याची थंडी पडली होती, पण उन्हाळ्याची अखेर आणि सप्टेंबर महिना कोरडा व उबदार गेला. द्राक्षे पिकत असताना पाऊस न येणे म्हणजे काय, हे आमच्या निफाडकडच्या बागायतदारांना वेगळे सांगायला नको. त्या वर्षीच्या वाइन्स तरुणपणीही मवाळ होत्या आणि चांगल्या राखलेल्या बाटल्या आजही जिवंत आहेत. प्रश्न होता तो अशी चांगली राखलेली बाटली मिळवण्याचा.

माझ्यासमोर दोन पर्याय आले. पहिली बाटली स्वस्त होती आणि तिचे लेबल नुकतेच छापल्यासारखे कोरे होते. मात्र वाइनची पातळी खांद्याच्या मध्यापर्यंत उतरलेली होती, आणि ती इतकी वर्षे कोठे ठेवली होती याचे उत्तर विक्रेत्याला देता आले नाही. दुसरी बाटली बोर्दोच्या एका जुन्या घाऊक व्यापाऱ्याच्या तळघरातून हललीच नव्हती. तिच्या लेबलावर ओलीचे डाग होते, एक कोपरा सुटलेला होता, पण पातळी मानेच्या तळाशी टिकून होती. चाळीस वर्षांत बुचातून थोडी वाइन उडून जाणारच. ती जितकी कमी, तितकी आत शिरलेली हवाही कमी. डागाळलेले लेबल पाहून ग्राहक नाराज होतो, परंतु ते डाग तळघर दमट असल्याची खूण असतात आणि दमट तळघरात बूच वाळून आक्रसत नाही. मी विजेरीच्या उजेडात बाटलीची मान पाहिली. रंग विटकरीकडे झुकलेला, पण मध्यभागी अजून गडद माणकासारखा होता. किंमत बरीच जास्त होती. डॉक्टरांना दूरध्वनी करून मी दोन्ही बाटल्यांविषयी सगळे सांगितले आणि त्यांनी दुसरी घेण्यास लगेच होकार दिला.

बाटली समारंभाच्या तीन आठवडे आधी आली, कारण प्रवासात ढवळलेल्या जुन्या वाइनला विसावा लागतो. तेवढे दिवस ती आडवी होती. जेवणाच्या दोन दिवस आधी मी ती हलक्या हाताने उभी केली, म्हणजे कुशीला साचलेला गाळ तळाशी बसेल. हा गाळ म्हणजे बिघाड नव्हे. वाइनमधले टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारी तुरट द्रव्ये, आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांत गुंफत जातात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणूनच जुनी वाइन रंगाने फिकी आणि जिभेला मऊ लागते. मात्र तो गाळ ग्लासात आला की तोंड कडू आणि किरकिरीत होते.

त्या संध्याकाळी डॉक्टर, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि सून असे चौघे आले. बाटली त्यांच्यासमोरच उघडायची असे ठरले होते. बुचावरचे वेष्टण मी पूर्ण काढले आणि मानेची कड ओल्या कपड्याने पुसून घेतली. त्या काळी वेष्टणे शिशाची असत आणि त्यांचा पांढुरका थर तोंडाशी राहतो. इतक्या जुन्या बुचाला साधा कॉर्कस्क्रू लावला तर त्याचा भुगा आत पडण्याची भीती असते. म्हणून मी स्क्रूबरोबर दोन पातळ पाती असलेले साधन वापरतो. स्क्रू बुचाला मधून धरून ठेवतो, पाती काचेला लगटून दोन्ही बाजूंनी खाली उतरतात, आणि मग सगळे मिळून गोल फिरवत अगदी सावकाश वर घ्यायचे असते. बूच अखंड निघाले. खालची कड काळसर जांभळी, वरचा भाग मात्र कोरडा होता, म्हणजे वाइन बुचातून वरपर्यंत झिरपलेली नव्हती.

पहिला वास निराशाजनक होता: बंद पेटीसारखा, किंचित कुबट. मुलाचा चेहरा उतरला. मी थोडीशी वाइन ग्लासात घेऊन चाखली; तोंडात फळाची चव स्वच्छ आणि लांबवर टिकणारी होती. बुचामुळे नासलेली वाइन तोंडातही निर्जीव लागते आणि हवेत तिचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास वाढतच जातो. ही वाइन तशी नव्हती. दशकानुदशके कोंडून राहिलेला वास काही मिनिटांत निघून जातो, असे मी त्यांना सांगितले.

त्यावर मुलाने सुचवले, “मग रुंद भांड्यात जोराने ओतून तासभर ठेवूया का? घरी आम्ही तसेच करतो.” कोवळ्या, करकरीत वाइनसाठी हा उपाय चालतो, पण येथे मी नम्रपणे नकार दिला. बोर्दोचे वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचे सांगणे असे होते, की डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन काढून घ्यायच्या काचेच्या भांड्यात, ओतायचे ते गाळ वेगळा करण्यासाठी आणि तेही पिण्याच्या अगदी आधी. जुन्या वाइनच्या बाबतीत माझा अनुभव त्याला पुष्टी देतो, कारण तिच्यात उरलेला सुगंध नाजूक असतो आणि तो टेबलावर कोणी नसताना हवेत उडून गेला तर परत येत नाही.

मी अरुंद डिकँटर घेतला, बाटलीच्या खांद्याखाली मेणबत्ती ठेवली आणि हात न थांबवता एकाच धारेत ओतू लागलो. शेवटी उजेडात धुरासारखी एक काळी रेघ मानेकडे सरकताना दिसली, तेथे थांबलो. वाइन सोळा अंश सेल्सिअसवर होती. पहिल्यांदा प्रत्येकाला अगदी थोडीच दिली, जेणेकरून ती बदलत असताना चौघांनाही पुन्हापुन्हा चाखता यावी.

दहा मिनिटांत कुबटपणा गेला. मग देवदाराचे लाकूड, सिगारची पेटी, पेन्सिलीचे शिसे, कातडे, पुदिन्याची बारीक झुळूक आणि या सर्वांखाली वाळलेल्या काळ्या मनुकांची गोडी असे एकेक वर येत गेले. वाइनमधले टॅनिन इतके विरघळले होते की फक्त गिळताना त्यांची जाणीव होई. डॉक्टरांच्या पत्नी एरवी फारशा पीत नाहीत, पण त्यांनी ग्लास बराच वेळ नाकाशी धरला आणि म्हणाल्या, “हिच्यात घाई कोठेच नाही.” इतके नेमके वर्णन मला सुचले नसते.

पोइयाकचे कोवळे कोकरू मी मुद्दाम साधे भाजायला सांगितले होते. सोबत मांसाचा अंगचा रस आणि बटाटे, लसूण अगदी बेताची. चीजच्या वेळी मुलाने रोकफोर हे निळ्या बुरशीचे चीज मागितले, तेव्हा त्याच्यासोबत मी सोतेर्न या गोड पांढऱ्या वाइनचा छोटा ग्लास दिला आणि लाल वाइनसाठी जुने कोंते चीज ठेवले, कारण रोकफोरच्या खारटपणापुढे त्या वाइनचे काहीच चालले नसते. ओतल्यापासून साधारण पाऊण तासाने ती सर्वांत बहरात होती. त्यानंतर फळाची गोडी हळूहळू ओसरून लाकूड आणि चहाच्या पानांचा वास उरला, पण तोवर डिकँटर जवळजवळ रिकामा झाला होता.

निघताना मुलाने विचारले की त्याच्या लग्नाच्या, म्हणजे २००५ सालच्या, मेदोकच्या वाइन्स आता उघडाव्यात का. त्या वर्षीच्या चांगल्या बाटल्यांत टॅनिन भरपूर आहेत, म्हणून उघडण्याची घाई नको, मात्र घ्यायच्या असतील तर पातळी आणि साठवणुकीची माहिती पाहून आत्ताच घ्याव्यात, असे मी सांगितले. त्याच आठवड्यात त्याने त्याच व्यापाऱ्याकडे सहा बाटल्यांची लाकडी पेटी नोंदवली आणि घरी तळघर नसल्याने ती तेथेच ठेवायची व्यवस्था केली.